‘ऋणी’ म्हण

“ऋणी म्हण,” मॅडम म्हणाल्या.

“रुनी,” मी म्हटलं.

“रुनी नाही गं. ऋ-णी. जीभ वर टाळ्याला लाव. ण. बाणातला ण.”

“रुनी.”

सोफ्यावर बसलेल्या दोघी हसल्या. दोघी मराठी मंडळाच्या कमिटीतल्या. एकीने तोंडावर रुमाल धरला, दुसरीने तेवढीही तसदी घेतली नाही. ती मॅडमना म्हणाली, “अहो, असू दे. इंग्लिश मीडियम ना. होतं असं.”

“इंग्लिश मीडियमचं नाही हो हे,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखादं कोडं सुटल्यासारख्या खूश होत्या त्या. “इंग्लिश मीडियमची मुलं ‘ळ’ला ‘ल’ म्हणतात. माझा मुलगा म्हणतो ना, कालजी, सगले. हा ‘न’ घरचा आहे.”

घरचा.

मी दाराकडे बघितलं. दारापाशी पप्पा उभे होते. बूट बाहेर काढलेले, पायात नुसते मोजे. त्यांना बस म्हटलं होतं, पण ते बसले नव्हते. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील.

पप्पा हसले. सगळ्यांबरोबर हसले.

मॅडमच्या शारजातल्या त्या व्हिलाच्या डायनिंग टेबलवर माझा लॅपटॉप होता, खोक्यासकट. त्याच्यासाठी आम्ही तिथे गेलो होतो.

बारावी झाली होती. दुबईत एका भारतीय कॉलेजच्या शाखेत मला कम्प्युटरला प्रवेश मिळाला होता. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं ही. लॅपटॉप तेव्हा घरोघरी नसायचा, पण कॉलेजने सांगितलं होतं, प्रत्येकाकडे स्वतःचा हवा. महिनाभर मी सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं गोळा केली. मेमरी किती, डिस्क किती, कशाला किती बॅटरी. पत्रकांवर पेनने गोल करत होते. घरात कोणाला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून कोणी मधे बोलतही नव्हतं. पहिल्यांदाच एखादी गोष्ट अशी होती की तिच्यातलं मला सगळं माहीत होतं.

पप्पा सरांच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. सर मराठी; मॅडम त्यांच्या पत्नी. कंपनीत सगळे पप्पांना ‘दिलीप’ म्हणायचे. आखातात असंच चालतं, नुसतं पहिलं नाव. पप्पांना ते फार सोयीचं होतं. आडनाव मागे राहायचं. गाव विचारलं तर ते जिल्हा सांगायचे. गावात घर कुठे, हे विचारलं तर लगेच पाण्याच्या टंचाईवर बोलायला लागायचे. आमच्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये निळ्या कोटातला तो फोटो होता, पण कपाटाच्या दाराला आतून लावलेला.

मराठी माणसांसमोर पप्पा हिंदी बोलायचे, नाहीतर मोडकं इंग्लिश. घरात मात्र आपन, पानी, कोन. मी लहानपणापासून घरातसुद्धा इंग्लिशमध्येच उत्तर द्यायचे. मम्मी मराठीत विचारायची, मी म्हणायचे, “यस मम्मी, आय ॲम कमिंग.” मम्मी-पप्पांना त्याचं कौतुक होतं. मला इंग्लिश शाळेत का घातलं, हे पप्पांनी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. इंग्लिशमध्ये ‘ण’ नाही.

सरांनी स्वतःहून म्हटलं होतं, “दिलीप, मुलीला लॅपटॉप कंपनीकडून. पसंत करू दे तिला.” पप्पा घरी आले तेव्हा त्यांना नीट बोलताही येईना. “साडेचार हजार दिरहमपर्यंत चालंल म्हनले. म्हंजे चोपन्न हजार रुपये, बेटा!” आम्ही बर दुबईला कम्प्युटरच्या दुकानांच्या रस्त्यावर गेलो. सेल्समन पप्पांना एकेक मशीन दाखवायला लागला. पप्पांनी हात वर केला. “मेरे को नहीं, भाई. इसको दिखाओ. पढनेवाली ये है.”

सातव्या का आठव्या दुकानात तो मिळाला. राखाडी रंगाचा, जड. कीबोर्डवर प्रत्येक बटणावर दोन अक्षरं, एक इंग्लिश, एक अरबी. पप्पा म्हणाले, “अरबी कशाला? बिनअरबीचा नाय का?” मी म्हटलं, “इट्स ओके, पप्पा. इट्स फ्रॉम हिअर. लाइक मी.” त्यांना ते नीट कळलं नसावं, पण ते हसले. परतीच्या गाडीत खोकं मी मांडीवर घेतलं होतं. डिकीत ठेवू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पा ते खोकं उचलून ऑफिसला घेऊन गेले. मॅडमनी मागवलं होतं. मंडळाच्या कार्यक्रमात, स्टेजवर, सर्वांसमोर तो मला द्यायचा होता. आणि मी दोन शब्द बोलायचे होते. मराठीत. ते दोन शब्द मॅडमनी स्वतः तयार केले होते. त्याचीच ती तालीम.

“आदरणीय सर आणि मॅडम, आपण केलेल्या मदतीबद्दल मी आपली आजन्म ऋणी राहीन.”

एवढंच वाक्य. मॅडमनी ते माझ्याकडून किती वेळा म्हणवून घेतलं, मला आठवत नाही. आठवतं ते हे की नंतर नंतर मला कुठलाच शब्द म्हणता येईना. ‘आणि’ म्हणतानासुद्धा थांबायला लागले. शेवटी मी इंग्लिशमध्ये म्हटलं, “मॅम, कॅन आय जस्ट से थँक यू?”

“मॅम काय गं, काकू म्हण,” मॅडम म्हणाल्या. “आणि थँक यू काय, फिलिपिनो मुलीसुद्धा म्हणतात. आपल्या भाषेत म्हण ना. लाज वाटते का?”

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं हे नेहमीचंच होतं. शाळेत, लिफ्टमध्ये, मंडळाच्या जेवणात. लोक म्हणायचे, शांत आहे मुलगी. मी शांत नव्हते. मी लपलेली होते.

मॅडमनी सुस्कारा सोडला. मग मोठ्या मनाने म्हणाल्या, “जाऊ दे. दिलीप, तिच्याऐवजी तुम्ही बोला दोन शब्द. कागद घेऊन जा. आठवडा आहे, पाठ करा.”

“हो मॅडम. चालेल मॅडम,” पप्पा म्हणाले.

लॅपटॉप त्यांनी आमच्याबरोबरच दिला. “खोकं तेवढं राहू दे इथे, स्टेजवर रिकामं चालतं. मशीन घेऊन जा, सुरू करून बघ. आता हसा की जरा!”

घरी मी तो सुरू केला. पडदा निळा उजळला. मी तासन् तास त्याच्यासमोर बसले. स्वतःला सांगत राहिले, झालं ना, आता बोलायचं तर नाही तुला. खलास. तुला जे हवं होतं ते मिळालं. मॅडमचं बोलणं मी पुसून टाकू शकले असते. खरंच टाकलं असतं. ते मला करता यायचं.

शुक्रवारी सकाळी पप्पा दाढी करत होते. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. नळ बंद झाला आणि आवाज आला.

“रुनी.”

मग पुन्हा, हळू. “रु... ऋन्... रुणी. रुनी. छ्या.”

मी दाराच्या फटीतून बघितलं. पप्पांच्या गालावर अर्धा साबण होता. एका बोटाने ते आपली जीभ वर ढकलत होते. टाळ्याला लावत होते. पन्नाशीला आलेला माणूस. गावातली वस्ती सोडून, समुद्र ओलांडून आलेला. इतकी वर्षं इथल्या उन्हात सिमेंट आणि सळया मोजून देणारा. आरशासमोर स्वतःच्या तोंडात बोट घालून स्वतःची जीभ दुरुस्त करत होता.

माझ्यासाठी. त्या मशीनसाठी.

त्या क्षणी मला कळलं की माझ्याऐवजी बोलणं म्हणजे काय. मी सुटले नव्हते. मी फक्त माझ्या जागी पप्पांना उभं केलं होतं.

शनिवारी पप्पा साइटवर गेल्यावर मी लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला, टॅक्सी केली आणि इंडस्ट्रियल एरियातल्या ऑफिसात गेले. एकटी टॅक्सीत मी त्याआधी कधी बसले नव्हते. सरांच्या केबिनमध्ये जाऊन तो टेबलावर ठेवला.

“अरे, बस बस. काय झालं? बिघडला?”

“नाही. परत द्यायला आले.”

“का?”

“मला नको. आणि पप्पा कार्यक्रमात बोलनार नाहीत.”

बोलनार. माझ्या कानांनी ऐकलं. जीभ दुरुस्तीला निघाली होती. मी तिला थांबवलं.

सर हसले. “मॅडम काही बोलली का? ती फटकळ आहे गं. चेष्टा करते. मनाने चांगली आहे.”

मी टॉवेलची घडी घातली.

“दिलीपला माहीत आहे तू आलीस ते?”

“नाही.”

“मग हे तुला शिकवलं कोणी?”

“कोनी नाही,” मी म्हटलं. “घरचंच आहे.”

त्यांचं हसू गेलं. “ठेव तिथे. यल्ला, निघ,” ते म्हणाले आणि फोन उचलला.

ही गोष्ट इथे संपली असती तर सांगायला बरी होती. नाही संपली. संध्याकाळी पप्पा घरी आले ते माझ्याकडे न बघता आत गेले. मम्मीला सगळं कळलं होतं. तिने भाकरी थापता थापता, वर न बघता म्हटलं, “तोंड तुझं, पन नोकरी त्याची. ह्ये ध्यानात घेतलं व्हतंस का?”

नव्हतं घेतलं. आमचा व्हिसा सरांच्या कंपनीचा होता. तिघांचाही. पप्पांची नोकरी गेली की तिघांनी देश सोडायचा.

पुढच्याच आठवड्यात पप्पांची बदली रास अल खैमाच्या साइटवर झाली. काम वाढलंय, असं कारण दिलं. राहायला लेबर कॅम्प, एका खोलीत सहा जण. घरी फक्त शुक्रवारी. कॉलेज सुरू झालं. मी लॅबमध्ये बसायचे, शिपाई दिवे बंद करायला येईपर्यंत. लेक्चरर विचारायचे, “व्हेअर इज युअर लॅपटॉप?” मी सांगायचे, “आय डोंट हॅव वन.”

एका शुक्रवारी पप्पा आले. केसांत, भुवयांत पांढरी धूळ. जेवले, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले.

“मॅडमचा फोन आला व्हता. राग नाय त्यांच्या मनात. तू एकदा जाऊन सॉरी म्हन. सर मला परत हितं घेतील. मशीन बी देतील.”

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या पेरांना सिमेंटने भेगा पडल्या होत्या.

“एकच शब्द तर म्हनायचाय, बेटा. इंग्लिशमधला हाय. तुला येतो.”

“येतो, पप्पा,” मी म्हटलं. मराठीत. “पन म्हननार नाही.”

ते उठले. त्या शुक्रवारी ते दुपारच्याच गाडीने परत गेले.

मला माहीत होतं, माझ्या नकाराची किंमत कोण भरतंय. ते माहीत असूनही मी नकार दिला. यात मोठेपणा काही नाही. पप्पांनी मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही. कदाचित नसेल केलं. मराठी लिहायला मी पुढे शिकले, कॉलेज संपल्यावर, एकटीने. म्हणून इथे ‘ण’ जागच्या जागी दिसतात. कागदावर दिसतात. तोंडात मी ते बसवून घेतलेले नाहीत.

मॅडमच्या त्या खोलीत माझं काय चुकलं होतं? मी माझ्या आईसारखी बोलले होते. त्याबद्दल मी त्या दिवशी माफी मागितली नाही. आज मागत नाही. माझा बाप माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, तरी मागणार नाही.