आईच्या चपला

उन्हाळ्यात आर्वीच्या नळाला गाळाचा वास येतो. धरण तळाला गेलं की पाणी असंच येतं. परवा तो वास आला आणि बादली भरून वाहायला लागली तरी मी तसाच उभा राहिलो. याच धरणात आईचं माहेर बुडालं, मारुतीच्या देवळासकट.

बारा वर्षांपूर्वी मी अमेरिकेत नोकरीला होतो. आईला बोलावून घेतलं आणि तिकडच्या समुद्राएवढ्या गोड्या पाण्याच्या तळ्यांतून फिरणाऱ्या जहाजावर चार दिवसांच्या सहलीला नेलं. पहिल्याच सकाळी ती डेकवर अनवाणी उभी दिसली. बोचरा वारा, ओल्या फळ्या, आणि कठड्याशी नीट जोडून ठेवलेल्या तिच्या चपला.

"चपला घाल वं आई. लोक पाहून राह्यले."

"खाली कोणाचं गाव असन तं? देऊळ असन. त्याच्यावरून चपला घालून काऊन जायचं?"

हे धरण नाही, खाली कुणाचं गाव नाही, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण शेजारी सहलीला सोबत आलेले माझ्या ऑफिसातले दोघे उभे होते. त्यांना मी तिचं बोलणं इंग्रजीत रंगवून सांगितलं. ते हसले, मीही हसलो. आम्हाला पाहून आईही हसली, तोंडाला पदर लावून.

मग हळूच विचारलं, "काय म्हणून राह्यले ते?"

"तू लय चांगली हायेस म्हणतेत."

आर्वीला परतल्यावर तिनं हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. शेवटच्या आजारपणातही सांगत होती, आणि मी उशाशी बसून मान डोलावत होतो.