पाहुण्यांना आवडलेलं संग्रहालय

काराजिल्गा गावाच्या संग्रहालयाला कुलूप नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. चोर निदान चोरून नेतो. इथला माल पुढच्या दाराने, दिवसाढवळ्या, पोटभर जेवून आणि आशीर्वाद देऊन जात असे.

मेंढीपालन संघाच्या जुन्या कचेरीमागच्या दोन खोल्यांत असीपा एजेंनी ते मांडलं होतं. एजे म्हणजे थोरली बहीण. गावातले टक्कल पडलेले बाप्येही त्यांना एजेच म्हणत, कारण अर्ध्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्या घरोघर फिरल्या आणि "फेकू नका, मला द्या" म्हणत वस्तू गोळा केल्या. चांदीच्या कड्यांचं खोगीर, शिकारी गरुडाच्या डोळ्यांवर घालायची टोपी, घोडीचं दूध आंबवायची धुरावलेली कातडी पिशवी. प्रत्येक वस्तूखाली एजेंच्या अक्षरात चिठ्ठी, आणि चिठ्ठीत मूळ मालकाच्या सात पिढ्यांची नावं. एक जरी पणजोबा गळला तर त्याचे वंशज भांडायला येत. त्यामुळे गरुडाच्या टोपीपेक्षा तिची चिठ्ठी मोठी होती.

नव्या इमारतीचं म्हणाल, तर तिचे आराखडे दरवर्षी येत. पहिल्या आराखड्यात चार खोल्या होत्या. दुसऱ्यात तंबूसारखा घुमट आला, तिसऱ्यात सगळं काचेचं झालं. चौथ्यात लिफ्टही होती. गावात हिवाळ्यात दिवसाआड वीज येते. पण गावकरी नुसत्या कागदावरूनच हातघाईवर आले होते. तळमजल्यावर आमचे पूर्वज बसणार की तुमचे, यावरून दोन कुळांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

आराखडा आला की मागोमाग जागा बघायला साहेब येत. आणि इथेच गोम होती. इकडची रीत अशी, की पाहुण्याने घरातली एखादी वस्तू एकदा वाखाणली तर ते कौतुक. दुसऱ्यांदा वाखाणली तर यजमानाने ती काढून त्याच्या हातात द्यायची. जो नाही म्हणेल त्याच्या घरचा चहा गाव पीत नाही. साहेब लोक बाकी कशात कच्चे असतील, पण दोनपर्यंत मोजायला चुकत नसत. एकाने खोगीर दोनदा वाखाणलं, दुसऱ्याने टोपी. प्लास्टरचा एक पुढारी एजेंनी मुद्दाम दारातच उभा केला होता, की कुणाला तरी आवडेल. त्याच्याकडे ढुंकून कुणी पाहिलं नाही.

"गेलं तर गेलं खोगीर," गावप्रमुख कादिराली समजूत घालायचा. "एजे, तीन मजली इमारत येतेय."

"आणि तीन मजल्यांत काय ठेवू, तुला?"

"ठेवा की. मलाही माझे सात बाप पाठ आहेत."

"शाळेत तर पाचाचा पाढासुद्धा येत नव्हता तुला."

मग राजधानीहून मक्सूतबेक आला. खात्यातला उपप्रमुख, त्याची सही झाली की इमारत झाली, असं कादिराली म्हणत होता. मक्सूतबेकने आराखड्याकडे जांभई देत पाहिलं आणि तो मागच्या भिंतीपाशी थबकला. तिथे लोकर लाटून केलेला जाड नमदा टांगला होता. महायुद्धाच्या वर्षांत गावच्या बायकांनी एकत्र बसून केलेला, आणि त्यावर लढाईवर गेलेल्या, परत न आलेल्या एकेचाळीस पुरुषांची नावं लाल दोऱ्याने भरलेली. त्यांच्यातल्या एकालाही गावात कबर नाही. म्हाताऱ्या बायका येऊन आपापल्या माणसाच्या नावावर हात ठेवून उभ्या राहत. एजेंचे वडील गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. वडिलांचं म्हणून त्यांच्याकडे एवढं एक नाव होतं, आईने भरलेलं.

"काय सुंदर आहे," मक्सूतबेक म्हणाला.

"ही दुधाची पिशवी बघा ना," एजे घाईघाईने म्हणाल्या. "शंभर वर्षांची आहे."

"पण हा नमदा. फारच सुंदर."

कादिराली जमिनीकडे बघत राहिला. एजेंना वाटलं आपण गप्प राहू, फार तर काय, गाव वाळीत टाकेल. पण आईने लहानपणापासून घोटून घेतलेला शब्द तोंडातून आधीच निघून गेला होता. "घ्या," त्या म्हणाल्या. त्या रात्री त्यांना स्वतःच्या जिभेची किळस आली.

वर्ष गेलं. इमारत आली नाही, पाचवा आराखडा आला. त्यात कारंजं होतं. आणि मक्सूतबेकच्या नातवाला पहिल्यांदा पाळण्यात घालायच्या जेवणाचं आमंत्रणही कादिरालीला आलं.

"मीही येते," एजे म्हणाल्या.

"तुम्ही कशाला एवढ्या लांब?"

"मी पाहुणी म्हणून येते."

कादिराली तसा मठ्ठ, पण हे त्याला कळलं.

राजधानीतल्या घरात तीसेक माणसं होती. नमदा सोफ्यामागे टांगलेला. एजे वयाने सगळ्यांत थोर, म्हणून आशीर्वादाचे चार शब्द त्यांनाच बोलायला सांगितले. बाळाला आयुष्य चिंतून झाल्यावर त्या भिंतीकडे वळल्या. "हा नमदा सुंदर आहे," त्या म्हणाल्या. चमचे थांबले. "फारच सुंदर आहे हो."

मक्सूतबेक हसला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. "घ्या, एजे. तुमचाच आहे."

दोघांनी तो खाली काढला. एजेंनी बोट फिरवत नावं मोजली. एकोणतीस भरली. खालचा काठ नवा शिवलेला होता.

"सोफ्यामागे मावत नव्हता," मक्सूतबेकची बायको कौतुकाने म्हणाली. "खालच्या ओळी कापल्या. पण वाया नाही हं घालवलं काही. तो तुकडा जाड होता, दारात टाकलाय, बूट ठेवायला."

एजे उठल्या आणि दाराशी गेल्या. नमद्याच्या कापलेल्या पट्टीवर बुटांचा ढीग होता, त्यांनी स्वतः काढलेलेही त्यातच. त्या वाकल्या नाहीत. वर्गात बोलत तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मक्सूतबेक, तुमचं पायपुसणं सुंदर आहे."

आतून माना दाराकडे वळल्या.

"फार सुंदर आहे तुमचं पायपुसणं."

मक्सूतबेक आला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला आणि पाहुण्यांचे बूट एकेक जोड उचलून बाजूला ठेवू लागला. खालून जे नाव निघेल ते एजे मोठ्याने वाचत होत्या, शाळेत हजेरी घ्यावी तसं. जुमाली. ओरोज. तोकोबाय. पाहुणे नुसत्या मोज्यांवर येऊन मागे उभे राहिले.

शेवटी कोपऱ्यातला एक जोड उरला, चकचकीत काळा, घरधन्याचाच. त्याने तो उचलला.

"अब्दिल्दा," एजेंनी वाचलं. "हा माझा बाप."