सुकट, साठ रुपये

"सुकट. साठ रुपये."

अण्णानं मोठ्यानं वाचलं. मग वही उचलून नाकाशी नेली आणि वास घेतला. भर दुकानात, गादीवर गिऱ्हाईक बसलेलं असताना, माझ्या खर्चाच्या वहीचा वास घेतला त्यानं.

"तरीच," म्हणाला. "तरीच म्हटलं, सकाळपासून वास कशाचा येतोय."

मग हेच परत कन्नडात सांगितलं. कारण दुकानात मराठी आम्ही दोघंच, बाकीच्यांना कळायला नको? कळलं. दुकानातली नऊच्या नऊ माणसं हसली. राजाजीनगरहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायका होत्या, त्यांतली एक पदर नाकाला लावून हसली.

मीपण हसले.

हे आधीच सांगून टाकते, कारण आपली गोष्ट सांगताना माणूस नेमकं एवढंच गाळतो. मी हसले. दात दाखवून. वही जशी काही दुसऱ्याच कुणाची होती. आजही आठवलं की अण्णापेक्षा माझीच मला जास्त शिसारी येते.

अण्णा म्हणजे बेंगळूरच्या चिकपेटातल्या त्या साड्यांच्या दुकानाचा मालक. त्याचं घराणं तीन-चारशे वर्षांमागं इकडं आलेलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, बोलताना दोन्हींची मिसळ. मी निपाणीकडची. कर्नाटकातलीच, पण घर मराठी, शाळा मराठी. कन्नड बोलते झकास, वाचते अडखळत, आणि इंग्रजी कागद पुढं आला की डोळ्यांपुढं मुंग्या. बेंगळूरला आले तेव्हा चार दुकानं फिरले. पाचव्या दुकानात हा माणूस म्हणाला, "ये पोरी, बस. जेवलीस का?" मराठीत. बस, तिथंच गेले मी. गावापासून सहाशे किलोमीटरवर कुणी 'जेवलीस का' विचारलं की आमच्यासारख्याला वाटतं, सापडला आपला माणूस. भाषा कळली म्हणजे माणूस कळला, असं वाटतं. आणि आपल्या माणसाला कागद कसा मागायचा? हिशोब कसा विचारायचा? अपमान होतो ना त्याचा! ही चूक माझीच. आमच्याकडचे सगळेच करतात, म्हणून ती लहान होत नाही.

कर्ज आईच्या ऑपरेशनचं. बँकेतून एक लाख वीस हजार उचलले होते. पगार सोळा हजार, हप्ता साडेसहा. तरी भरत होते. मग आईला पुन्हा दाखल करावं लागलं, मी दोन महिने गावी राहिले, पगार बंद, आणि चार हप्ते थकले. वसुलीवाला दुकानात आला. तरणा पोरगा, इन केलेला शर्ट, हातात हेल्मेट. गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "कर्ज घेताना लाज नाही वाटली, आता तोंड लपवतेस?" मी साड्यांच्या कपाटाआड उभी होते.

अण्णा उठला. त्याला बाहेर घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, "स्वल्प धीर धर. माझ्यावर सोड."

दोन दिवसांनी मला बँकेत घेऊन गेला. आत साहेबाशी तोच बोलला. इंग्रजीत. माझ्यापुढं कागद आले, बोट ठेवलं तिथं मी सह्या केल्या. बाहेर पायरीवर आल्यावर म्हणाला, "मिटलं बघ. आता तुझं देणं माझ्याशी. पगारातून महिन्याला बेचाळीसशे कापीन. व्याजबिज काही नको मला." मी त्याच्या पाया पडले. तिथंच, रस्त्यावर, रिक्षावाल्यांच्या देखत. त्यानं पाय जरा मागं घेतले. मला वाटलं, मोठेपणा.

फोनवर आई रडली. "देवमाणूस हाय गं तुझा अण्णा." घरची शेती नाही, तरी उसाच्या गुऱ्हाळावरून तिनं पाच किलो गूळ आणून पाठवला. अण्णानं तो घरी नेला नाही. हमालांना वाटला. तेव्हाही मला वाटलं, किती मोठं मन.

अट एकच होती. वही.

"पैसा तुमच्या हातात टिकत नाही. तुमचा दोष नाही, सवय नाही ना," अण्णा म्हणाला होता. "काय खर्च करतेस ते रोज लिही. शनिवारी मला दाखव. मी वळण लावतो." तुमच्या हातात. तुम्ही म्हणजे कोण, ते त्यानं कधी उच्चारलं नाही. गरजच नव्हती. दुकानात पाण्याचा माठ एक आणि माझ्यासाठी प्लास्टिकची बाटली वेगळी, एवढ्यावर सगळं कळत होतं.

वह्या दोघींच्या होत्या. एक माझी, एक लक्ष्मीची. लक्ष्मी रायचूरकडची, साड्यांच्या घड्या घालायची. तिच्या नावावर त्याच बँकेतून काढलेलं नवऱ्याच्या रिक्षाचं कर्जही अण्णानं असंच 'मिटवलं' होतं. शनिवारी चार वाजता आम्ही दोघी गादीच्या कडेला उभ्या राहायचो. बसायचं नाही. अण्णा बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटायचा. माझ्या हातचं पाणी त्याला चालत नव्हतं, पण माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर त्याची थुंकी होती. मी ती वही रोज रात्री हातात घेऊन लिहायची. शी!

आणि लाल पेन. चहा दोनदा? रेघ. पावडर? रेघ. जयंतीची वर्गणी, दोनशे रुपये? त्यावर तर दोन रेघा. "नाचायला पैसे आहेत, फेडायला नाहीत." एकदा वाचलं, "पॅड, एकशे दहा." पुरुष माणसं उभी होती. अण्णा पेन थांबवून म्हणाला, "कापडाच्या दुकानात कामाला आहेस. चिंध्या कमी पडतात काय?" आणि ते पण कन्नडात परत सांगितलं. एक सेल्समन हसू आवरायला जिन्याकडं पळाला.

मी त्यानंतर खोटं लिहायला लागले. पॅडच्या जागी साबण. मटणाच्या जागी तूरडाळ. बोंबलाच्या जागी बटाटे. पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या कमाईचं खाऊन चोरासारखी खोटं लिहीत होते. सुकट लिहिली गेली ती आई आली होती त्या आठवड्यात. तिनं हौसेनं आणायला लावली, कांदा घालून परतली, खोलीवरच्या तिघी-चौघी मिळून खाल्ली. लिहिताना जीव खूश होता. खोटं लिहायचं विसरले.

उपकाराची फेड म्हणून रविवारीही जायची मी. रविवारी दुकान बंद, पण माल लावायचा असतो. गठ्ठे फोडायचे, चिठ्ठ्या लावायच्या, फळ्या पुसायच्या. एकटी. फुकट. अण्णानं सांगितलं नव्हतं. मीच म्हणाले होते. तो म्हणाला होता, "सरी, बरं, तुझी इच्छा."

सुकटीच्या त्या शनिवारी खोलीवर गेले आणि आईला काही सांगितलं नाही. ती ताटात वाढत होती. माझ्या डोक्यात एकच. ही वही बंद करायची. अण्णाचं देणं एकरकमी फेकायचं त्याच्या तोंडावर, मग ते दुसरीकडून काढावं लागलं तरी चालेल. म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बँकेत गेले. त्याच बँकेत. दुसरी मला माहीत नव्हती.

काउंटरवर बाई होती. चष्मा, डबा अर्धा उघडा. मी कन्नडात म्हणाले, मला नवीन कर्ज हवंय, एका माणसाचं फेडायचं आहे. तिनं आधार कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"नोडम्मा," म्हणाली, म्हणजे बघ बाई, "तुझं कर्ज इथं चालूच आहे की."

"नाही मॅडम. ते मिटलं. आमच्या मालकांनी भरलं."

"कुणी भरलेलं नाही. तुझ्याच कर्जाची मुदत वाढवून हप्ता लहान केलाय. छत्तीस हप्ते, बेचाळीसशेचे. चौदा भरलेस. एकही चुकला नाही. बावीस राहिले."

मला वाटलं, चुकीचं खातं उघडलं. तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. माझं नाव. माझ्या आईच्या गावचा पत्ता.

"मग मालक जामीन असतील."

"इल्ला. जामीन कुणी नाही."

"त्यांची ओळख होती म्हणून झालं असेल."

बाई जरा वैतागली. "ओळख कशाला? अडचण आली की अर्ज करायचा. एका पानाचा असतो. कुणीही करतं."

मी उभीच. मागची माणसं कुरकुरायला लागली. मग मी विचारलं ते आठवलं की आज हसू येतं आणि रडूही. विचारलं, "मग खर्चाची वही इथं दाखवायची का?"

"कसली वही?"

"काय खाल्लं, काय आणलं..."

बाईनं चष्मा काढला. "ते आम्हाला कशाला? महिन्याच्या पाच तारखेला हप्ता आला की झालं." मग म्हणाली, "मोबाईल नंबर दुकानाचा दिसतोय. बदलू?"

"बदला," मी म्हणाले.

रस्त्यावर आले. हातगाड्या, गठ्ठे वाहणारी माणसं, रिक्षांचे हॉर्न, मी मधोमध उभी. राग नंतर आला. आधी किळस आली. अण्णानं माझा एक पैसा खाल्ला नव्हता, हे मी आजही कुणापुढंही कबूल करीन. बेचाळीसशे कापले, बेचाळीसशे भरले. त्यानं खाल्लं ते दुसरंच. माझेच पैसे माझ्याच कर्जात भरले आणि उपकार स्वतःच्या नावावर लावले. एका पानाच्या अर्जावर त्यानं मला चौदा महिने विकत घेतली होती. माझं जेवण वाचायचा हक्क, माझी पाळी वाचायचा हक्क, माझे रविवार. आईचा गूळसुद्धा. आणि रस्त्यावर मी पाया पडले तेव्हा पाय मागं घेतले ते मोठेपणानं नव्हे. माझा हात लागू नये म्हणून.

चोर बरा. चोर निदान पाया पडून घेत नाही.

पुढच्या शनिवारी पगार होता. चार वाजले. लक्ष्मी वही घेऊन कडेला उभी राहिली. मी रिकाम्या हातानं गेले.

"वही?" अण्णा म्हणाला.

"नाही आणली. आजपासून नाही. पगार पूर्ण हातात द्या. हप्ता माझा आहे, मी भरीन."

तो हसला. "कुणी कान भरले?"

"बँकेनं."

हसू गेलं. आवाज खाली आणून म्हणाला, "आत ये, बोलू. गिऱ्हाईक आहे." चौदा महिने गिऱ्हाईक दिसलं नव्हतं ह्याला! नोकरी जाणार हे दिसत होतं. पाच तारीख सहा दिवसांवर होती, आणि एक हप्ता चुकला की तो हेल्मेटवाला परत दारात. सगळं कळत होतं. तरी आत गेले नाही. तिथंच, गादीसमोर, म्हणाले, "अण्णांनी माझं कर्ज फेडलेलं नाही. एक रुपयाही नाही. मी फेडतेय माझ्या पगारातून." मग कन्नडात म्हणाले. मोठ्यानं. हिंदीतही म्हणाले, बिहारकडचे दोघं हमाल होते त्यांच्यासाठी.

कुणी हसलं नाही. लक्ष्मी खाली बघत राहिली.

अण्णाचा चेहरा लाल झाला. "मी नसतो तर कुठं असतीस? मी नेलं तुला बँकेत! तुम्हा लोकांना जवळ करू नये म्हणतात ते खोटं नाही."

"नेलंत. रिक्षाचे चाळीस रुपये झाले होते. त्यातले वीस माझ्याकडं निघतात," मी म्हणाले, आणि वीसची नोट गादीवर ठेवली.

त्यानं पगार मोजला, पूर्ण सोळा हजार, आणि गादीवर टाकला. "उद्यापासून येऊ नको. साकू."

"मलाही पुरे झालं," मी म्हणाले.

पाच तारखेच्या आधी मी स्वतः रांगेत उभी राहून हप्ता भरला. पावती मागून घेतली. घरी येऊन तीनदा वाचली, इंग्रजी अक्षरं लावत लावत. आता दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात आहे. पगार चौदा हजार. तंगी आहे, खोटं कशाला सांगू. अठरा हप्ते राहिलेत. माझ्याजवळच राहिलेली आई अजून म्हणते, "जाऊन माफी माग गं अण्णाची, चांगला माणूस दुखवला तू." मी तिला बँकेतल्या बाईचं बोलणं चारदा सांगितलं. तिला पटत नाही. देवमाणूस देव्हाऱ्यातून उतरवणं तिला जड जातंय. ऑपरेशन तिचं होतं ना, तिला वाटतं तिच्यापायी मी कृतघ्न झाले. एकदा ओरडलेच तिच्यावर, "त्याचं नाव काढू नको ह्या घरात!" ती ताटावरून उठून गेली. वाईट वाटलं. शब्द मागं घेतला नाही.

परवा लक्ष्मीचा फोन आला. हळू आवाजात. तिला विचारायचं होतं, अर्ज कुठल्या काउंटरवर मिळतो. मग म्हणाली, ह्या शनिवारी त्यानं तिच्या पोराच्या अंड्यांवर रेघ मारली.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. पगार कापतील, कापू देत. तिला घेऊन बँकेत जाणार. कागद काढायला लावणार, ओळ न् ओळ वाचून घेणार, इंग्रजी असला तर त्याच बाईकडून समजून घेणार. आणि तिचंही कर्ज तिच्याच पगारातून फिटत असेल, तर बँकेतून सरळ त्या दुकानात जायचं. दोघींनी. चार वाजता नाही. सकाळी अकराला, गादी भरलेली असते तेव्हा.