आमच्या शाळेचा हवामान फळा

किस्से मुंग्यांसारखे असतात. एक दिसला की समजावं, मागे रांग आहे! आम्ही जुने शिक्षक लग्नाकार्यात भेटलो की पंगत उठते, पण आमची रांग संपत नाही. परवा असाच कुणीतरी टीव्हीवरच्या हवामानाचा विषय काढला आणि मला आमचा फळा आठवला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात आमची चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि शिकवणारे दोघंच: हेडगुरुजी आणि मी. मी जळगावात वाढलेली. लांबून शेळी कुठली आणि मेंढी कुठली, तेही मला कळायचं नाही! तिसरे नाना. ते नोकरीला नव्हते. जन्मभर त्यांनी गावची गुरं राखली होती आणि आता म्हातारपणी आमच्या व्हरांड्यात बसून ते आम्हाला राखायचे.

हेडगुरुजींकडे ट्रान्झिस्टर होता. जून निम्मा सरला तरी पावसाचा पत्ता नाही, म्हणून सगळे कान लावून बसायचे. एकदा बातमी आली, "तुरळक ठिकाणी हलक्या सरी पडतील."

नानांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "गुरुजी, हाई तुरळक ठिकाण आपला तालुकामा शे का?"

हेडगुरुजींनी ट्रान्झिस्टर बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अडगळीतला एक फळा पुसून व्हरांड्यात टांगला. वर लिहिलं, 'प्राण्यांचा हवामान अंदाज'. प्रत्येक मुलाला एकेक प्राणी वाटून दिला. रोज सकाळी प्रार्थना झाली की आपापल्या प्राण्याची बातमी फळ्यावर लिहायची.

\*

पहिला मान मुंग्यांना. मी मुलांना समजावून सांगितलं होतं की, मुंगीचं घर जमिनीत. पाणी शिरलं तर तिचं अख्खं गाव बुडतं. म्हणून हवेत ओल वाढली की ती अंडी तोंडात धरून उंचावर निघते, असं लोक म्हणतात. खरं-खोटं आपण ताडून बघायचं.

तिसऱ्याच दिवशी मुंग्या वाट्याला आलेला शिवा धावत आला. "बाई, मुंग्या भिंतीवर चढल्या! ही मोठी रांग!"

हेडगुरुजींनी एकदम हुकूम सोडला. अंगणातल्या सतरंज्या आत, उन्हात ठेवलेली पुस्तकं आत, नानासुद्धा आत! सगळी शाळा आभाळाकडे बघत बसली. दुपार झाली, ऊन रखरखीत. मग हेडगुरुजींनी भिंतीवरच्या फळीवरून आपला डबा काढला आणि रांग कुठे जात होती ते कळलं.

फळ्यावर शिवानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'आज पाऊस आला नाही. पुरणपोळी गेली.'

\*

चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येतो, असं आमच्याकडे सगळे सांगतात. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात आले, तर सगळी पोरं पांढरीफटक! केसात धूळ, कानात धूळ.

"हे काय रे?"

"बाई, चिमण्यांच्यानं होत नाहीये. म्हटलं आपण मदत करू."

मग मी खडू खाली ठेवला आणि नीट समजावलं. चिमणी पाऊस आणत नाही. तिच्या पिसांत किडे होतात, अंग खाजतं, म्हणून ती धुळीची आंघोळ करते. लोकांनी फक्त त्यावरून अंदाज बांधला. अंदाज म्हणजे खूण. खूण बदलली म्हणून पाऊस बदलत नाही. कळलं?

"होऽऽ बाई!" सगळा वर्ग ओरडला आणि पुन्हा धूळ उडाली.

\*

शेळ्या सकाळी गोठ्यातून बाहेर निघायला तयार नसल्या की पाऊस जवळ आला म्हणतात. शेळीला भिजणं अजिबात खपत नाही. ही गोष्ट मी शिकवली मात्र, दुसऱ्या दिवशी चार पोरं गैरहजर! तिसऱ्या दिवशी अर्ज आला: 'आमची शेळी बाहेर निघाली नाही, त्यामुळे मी शाळेत येऊ शकलो नाही.'

हेडगुरुजींनी अर्ज वाचला, उलटून पाहिला आणि म्हणाले, "अर्ज बरोबर आहे. शेळीची सही कुठंय?"

\*

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पांढरी पँट, काळा चष्मा. फळा वाचून ते मिशीत हसले. भोल्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'गाय शेपटी वर करून पळाली.'

"अरे वा! म्हणजे आज पाऊस?"

भोल्या म्हणाला, "नाही साहेब. तुमची जीप आली म्हणून पळाली."

साहेबांनी शेरा चांगला दिला. गाय मात्र संध्याकाळपर्यंत सापडली नाही!

\*

आता टिटवी. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करते आणि त्यातच अंडी घालते. ती नाल्याच्या वाळूत, म्हणजे खाली घातली तर पाऊस कमी आणि बांधावर, म्हणजे उंचावर घातली तर पाऊस भरपूर, असा गावाचा भरवसा.

टिटवी सुमलीकडे होती. सुमली डोंगराकडच्या वस्तीवरची, चौथीत, वर्गात सगळ्यात हुशार. त्या सोमवारी तिनं लिहिलं, 'चार अंडी. नाल्यात.'

दुपारी तिचा बाप भाया आला. "गुरुजी, पोरनं नाव काढी टाका. टिटवीना अंडा नालामा शेतस, मी सोता देखात. पानी येत नहीं, वावरमा काम नहीं. आमी सुरतकडे जातस."

सुमली दारात उभी होती. सुरतेला बांधकामावर गेलेली पोरं परत शाळेत येत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं आणि तिलाही. हेडगुरुजींनी शिक्का सापडत नसल्याचं नाटक केलं आणि म्हणाले, "दाखला पुढच्या सोमवारी ने."

मंगळवारी सुमलीनं लिहिलं, 'अंडी नाल्याच्या काठाला.' मला वाटलं, आधी चूक झाली असेल. बुधवारी, 'उतारावर.' वर्ग हसायला लागला. शिवानं विचारलं, "सुमले, तुझी अंडी चालतात का गं?" गुरुवारी, 'बांधाच्या पायथ्याशी.' सुमली मान वर न करता लिहायची आणि जागेवर जाऊन बसायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी नाल्याकडे गेले. बांधावर सुमली वाकलेली, डोक्यावर घमेलं पालथं घातलेलं आणि दोन टिटव्या ओरडत त्या घमेल्यावर झडप घालतायत! ती पळसाच्या पानावर एकेक अंडं घेऊन दोन हात पुढे ठेवत होती, खड्यांसकट.

"एकदम नेली तर टिटवी सोडून देते, बाई," ती म्हणाली. "थोडी थोडी नेली की मागं मागं येते."

"अगं, पण मी शिकवलं होतं ना? अंडी वर ठेवल्यानं पाऊस येत नाही!"

सुमलीनं घमेलं काढलं. "माले माहीत शे, बाई. पन मन्हा बाले कोठे माहीत शे?"

मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदम.

सोमवारी भाया दाखला न्यायला आला. हेडगुरुजी खरोखरच शिक्का शोधायला लागले, तेवढ्यात व्हरांड्यातून नाना उठले. "भाया, चाल मन्हासंगे." दोघं बांधाकडे गेले. मीही मागोमाग गेले.

नानांनी काठीनं दाखवलं. "देख. अंडा बांधवर शेतस."

"पन नाना, मी नालामा देखेल व्हतात!"

"ती दुसरी टिटवी," नाना शांतपणे म्हणाले. "पंधरा दिन थांब."

नानांचा शब्द तो! भायानं डोकं खाजवलं, अंड्यांकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि दाखला न घेताच घरी गेला. पाऊस बाराव्या दिवशी आला. सुमलीचं नाव हजेरीत तसंच राहिलं.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी भाया दिसेनासा झाल्यावर नाना बांधावरच थांबले. काठी टेकून खाली धुळीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"बाई, सुमलीले सांगा, पुढला टाइमले अनवानी ये म्हना. टिटवीना पायमा चप्पल नसस!"