दादाने त्या शुक्रवारी घेतलेले शेअर

ही गोष्ट आईला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. आणि ज्याला माहीत असायला हवी — त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. का, कोण जाणे.

आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे, कोळी. बाबांची होडी विकली गेली तेव्हा मी आठवीत होते. आई जवळा सुकवून बेलापूरला बाजारात बसायची. त्या वासामुळे वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. दादा दहावीनंतर बर्फाच्या टेम्पोवर गेला, दुसऱ्याच्या टेम्पोवर. दोघांना शिकवणं जमणार नव्हतं, मी शिकले. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.कॉम. झाले, मग कंपनी सेक्रेटरीची परीक्षा. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

तळोज्याला कारखाना असलेल्या एका केमिकल कंपनीत सेक्रेटरीच्या हाताखाली लागले. कंपनीत काही मोठं घडलं की शेअर बाजाराला कळवायचं, हे माझं काम. काय कळवायचं याच्याइतकंच कधी कळवायचं, हे तिथे शिकले. चांगली बातमी भर दुपारी, बाजार चालू असताना. वाईट बातमी शुक्रवारी, साडेतीनला बाजार बंद झाल्यावर — शनिवार-रविवारात लोकांचा राग निवतो. नियमात काही तासांची मुभा असते. ती मुभा वापरण्यातच हुशारी. आणि मी हुशार होते ना?

दादाने फोनवर ॲप घेतलं होतं. स्वतःच्या टेम्पोसाठी साठवलेल्या पैशांतून आमच्याच कंपनीचे थोडे थोडे शेअर घ्यायचा. बहिणीची कंपनी म्हणून. कधी मला विचारायचा; माझं उत्तर ठरलेलं — मला विचारू नको, दादा. नियमच तसा. मग तो हसायचा, बहीण साहेबीण झाली म्हणायचा, आणि त्या दिवशी थांबायचा. हे लक्षात ठेवा. मी तसं म्हटलं की तो थांबायचा.

त्या शुक्रवारी सकाळी कळलं, परदेशातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली. बाजाराला द्यायचं पत्र मी लगेच तयार केलं. आमचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, बाजार बंद झाल्यावर पाठवा. मी मान डोलावली. पण भाव सकाळपासूनच उतरत होता — आतल्या कुणीतरी तोंड उघडलं होतं. आता चौकशी होणार. ज्यांना माहीत होतं त्यांची नावं निघणार. त्यात माझंही.

दुपारी दादाचा फोन.

"बाय, भाव जाम उतरलाय गो. स्वस्तात मिलतंय. टेम्पोचं सगलं घालू काय?"

नेहमीचं वाक्य जिभेवर होतं. तेवढं बोलले असते तर — पण डोक्यात भलताच विचार आला. माझ्या भावाने आज शेअर घेतले, तर मी बातमी फोडली नाही याचा याहून स्वच्छ पुरावा कुठला?

"घे की," मी म्हटलं.

साडेतीननंतर पत्र पाठवलं.

सोमवारी शेअर उघडला तोच कोसळून. पुढे कित्येक दिवस विकायला गेलं तर घेणारा नाही. दादा घरी आला, चहाचा कप बाजूला ठेवून त्याने विचारलं.

"तुला कवा कललं?"

"शुक्रवारी संध्याकाळी," मी म्हटलं. "सगळ्यांबरोबर."

"मंग तुजा काय दोष."

आईने मला बोलू नये म्हणून आईलाही त्यानेच समजावलं.

चौकशी झालीच. कुणाच्या घरच्यांनी त्या दिवशी काय घेतलं, काय विकलं, सगळं तपासलं. सकाळी विकणारा सापडला, कंपनीच्याच दुसऱ्या विभागातला. माझ्यापुढे दादाची खरेदी ठेवली. त्याने मला विचारलं नव्हतं, असं मी सांगितलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, सख्ख्या भावालासुद्धा हिने सुगावा लागू दिला नाही. टाळ्या वाजल्या. मी उभी राहून त्या घेतल्या.

भीती होती, असं म्हणता येईल. नियम होता, असंही. पण नियम गप्प राहायला सांगत होता. "घे" हे मी माझ्या मनाने म्हटलं.

आज मी त्याच कंपनीची सेक्रेटरी आहे. कामोठ्यात स्वतःचा फ्लॅट आहे, दारावर पदवीसकट माझं नाव आहे. दादा अजून दुसऱ्याचाच टेम्पो चालवतो.