दादाला सांगितलेली पावडर

कडेगावच्या स्टँडवर दादानं माझी सुटकेस एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून तो बराच वेळ खोकत उभा राहिला. पलटणीतून पेन्शनवर येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

"दवाखान्यात जा," मी म्हटलं.

"जातो गं. तू आदी जाऊन औषधं बनवायला शिक."

त्र्याण्णव साल होतं ते. अमेरिकेत लॅबमध्ये मला विषय मिळाला तो टीबीचा. अँटिबायोटिकची कोरडी पावडर करायची आणि ती श्वासाबरोबर थेट फुप्फुसात पोचवायची. कण जाड झाला की घशात अडकतो, फार बारीक झाला की श्वासाबरोबर परत बाहेर येतो. त्या मधल्या मापापायी माझी वर्षं गेली.

पहिल्याच हिवाळ्यात दादाला टीबी निघाला. दर रविवारी मी त्याच्या शेजारच्या खताच्या दुकानात फोन लावायची. गोळ्यांनी मळमळतं, जेवण जात नाही, ही त्याची तक्रार. एकदा आमचा प्रयोग जमला होता, मी भरात होते. म्हटलं, "दादा, आता थोडंच दिस. मग ह्या गोळ्या लागणारच न्हाईत."

तोवर एकही चुकवू नकोस, हे मात्र म्हणाले नाही. डॉक्टरांनी सांगितलंच असेल असं वाटलं.

खोकला थांबला, अंग भरलं, आणि दादानं गोळ्या सोडल्या. हे मला कुणी कळवलं नाही. फोनवर तो "बरा हाय" म्हणायचा आणि मी पावडरीबद्दल बोलत राहायची.

टीबी उलटला तेव्हा जुन्या गोळ्या लागू पडेनात. मी सांगलीच्या दवाखान्यात पोचले, तर त्याचं मनगट माझ्याहून बारीक झालेलं.

"सुमे, कुठवर आली गं तुजी पावडर?"

"गिनीपिगपर्यंत. उंदरासारखं जनावर असतं. आदी त्यांच्यावर बघत्यात."

तो हसला. हसता हसता धाप लागली. "आमच्या आदी त्यास्नी व्हय!"

चौथ्या दिवशी तो गेला.

मी परत तिकडेच गेले, त्याच कामावर. पावडर अजून दुकानात आलेली नाही. एकदा गावी आले असताना चुलीपाशी बसून वहिनीला सगळं सांगितलं, त्या रविवारचं वाक्यसुद्धा.

"ठावं हाय मला, वन्सं," ती म्हणाली. "फोन ठिवून घरी आलं नि मला सांगितलं. त्या दिशी लय खूश हुते." आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तुमच्यापैकी जे लांब गेलेत त्यांचं घर म्हणजे काय, मला माहीत नाही. माझी चूक ठाऊक असूनही जिथं मला जेवू घालतात, ते माझं घर. म्हणून तिथं मला दोन दिवसांपेक्षा जास्त राहवत नाही.