कणभरही न टाकणारे नाना

मला नानांचा राग येतो. ते गेले त्याला वर्ष होत आलं, तरी येतो. हा माणूस कशातच काही टाकू देत नसे. चहात साखर नाही, भरतावर लिंबू नाही आणि वाइनमध्ये तर काही म्हणजे काही नाही. त्यांच्या या हट्टापायी मी आयुष्यात एकदाच चोरून काही केलं, आणि त्याचं ओझं त्यांनी मला न विचारता स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

साक्रीजवळ त्यांचा पाच एकरांचा द्राक्षमळा होता. तरुणपणी शेतकीची पदविका घेऊन नाना फ्रान्सला गेले, लोआर नदीकाठच्या एका म्हातारीच्या मळ्यावर सहा हंगाम राबले आणि शेनँ नावाचं तिकडचं पांढरं द्राक्ष डोक्यात घेऊन परतले. गावाने त्यांचं ‘दारूवाले नाना’ असं बारसं केलं. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. मलाच संताप यायचा, कारण ते नाव ठेवणाऱ्यांपैकी अर्धे लोक संध्याकाळी कुठे बसलेले असत ते मला माहीत होतं.

मी जळगावची, पिंप्राळ्याची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होताच त्यांच्याकडे प्रयोगशाळा सांभाळायला लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल आणि चार काचेच्या नळ्या. पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, “तू फक्त मोज, पोरी. टाकानं नही.”

तिकडे लोआरकाठी मऊ पांढरा दगड आहे म्हणे. लोकांनी तो कापून घरं बांधली आणि मागे राहिलेल्या गुहांत वाइन ठेवली. बारा महिने गारवा. द्राक्षाच्या सालीवरचंच खमीर सावकाश काम करतं, म्हातारी नुसती पिंपांमधून फेऱ्या मारते. “द्राक्षले बठ्ठं समजस. आपलं काम आडं न येवानं,” नाना सांगत. बठ्ठं म्हणजे सगळं. मी ओरडायचे, “नाना, तिकडे गुहा आहेत. इकडे वीज जाते आणि तळघराची भट्टी होते!” त्यावर ते हसत. त्या हसण्याचाही मला राग यायचा.

तोडणी तीन खेपांत. शेनँचे घड एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच वेलीकडे आठवड्या-आठवड्याने परत जायचं. तोडायला येणाऱ्या बाया चेष्टा करत, “नाना, एकाच वेलनं लगीन तीनदाव लावतस का?” नाना शांतपणे म्हणत, “घड सवडमा पिकस. तुमले कसानी घाई शे?” आणि पूर्ण न पिकलेला घड कुणी तोडला, तर तो उचलून तिच्याच हातात देत आणि खा म्हणत.

वाइन तयार झाली की तिला ओल्या घोंगडीचा वास आला पाहिजे, हा त्यांचा निकष. पहिल्या वर्षी मी तोंडावर हसले. दुसऱ्या वर्षी एका पिंपातून तो वास खरोखर आला, त्याच्या खालून कवठाचा, मग मधाचा. त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणाला सांगितला नाही. महिन्याभरात ते पिंपही आंबून गेलं. पहिल्या वर्षीचं सगळं तसंच गेलं होतं.

नानांचे भागीदार जळगावचे, व्यापारी घरातले; सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी सांगून टाकलं की तिसऱ्या वर्षीही गिऱ्हाईक मिळालं नाही, तर मळा उपटून पपई लावायची. गिऱ्हाईक नानांनी शोधलं होतं. मुंबईचा एक हॉटेलवाला, त्याला बिनऔषधाचीच वाइन हवी होती. नानांनी त्याला जबान दिली होती, कणभरही टाकत नाही म्हणून.

एप्रिलमध्ये टाकीतली वाइन गढूळ झाली. नाना बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस धुळ्याला होते. माझे आकडे रोज बिघडत होते. तिसरं वर्षही जाणार, हे मला दिसत होतं. मी वाइन आंबू न देणारी गंधकयुक्त पावडर मोजून घेतली, टाकीत टाकली, वाइन गाळून घेतली. दुसऱ्या दिवशी ती पाण्यासारखी नितळ झाली. नाना आले की सांगायचं, भांडायचं, असं ठरवलं होतं. पण ते आले ते हॉटेलवाल्याला जीपमध्ये घेऊनच.

“यात कणभरही काही नाही,” असं म्हणत नानांनी पेला भरला आणि ते त्या नितळ रंगाकडे बघून थांबले. हॉटेलवाल्याने वास घेतला. “नाना, विझलेल्या आगकाडीचा, गंधकाचा वास येतोय. तुम्ही तर म्हणाला होतात काही टाकत नाही.”

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मीच पावडर टाकली. शेवटी भीती वाटली.”

मी तिथेच उभी होते. पावडरीचं माप लिहिलेली हातातली वही मी मिटून घेतली. हॉटेलवाला गेला आणि नानांची जबान घेऊन गेला. त्याच्याकडून ऐकून पुढे दोन-तीन गिऱ्हाइकांनी भेटायलाही नकार दिला. त्या संध्याकाळी मी रडत, चिडत विचारलं, “का केलंत हे?” ते म्हणाले, “तुले बठ्ठी जिंदगी नोकरी करनी शे. मनं काय ऱ्हायनं आते?” मग पपई लागली, आणि नानांच्याच चिठ्ठीवर मला नाशिककडे वाइनच्या कारखान्यात मोठी नोकरी लागली. तिथे मी रोज मोजून पावडर टाकते.

नानांच्या तेराव्याला पंगतीत भाऊ माझ्या शेजारी होते. कौतुकच करत होते. “फार खरा माणूस. एकदाच काय ते खोटं बोलला.”

“ती पावडर मी टाकली होती,” मी म्हणाले.

भाऊंचा घास थांबला. “असेल, ताई. आता काय फरक पडतो?”

नानांची बायको भाजी वाढत समोरच आली होती. तिने भांडं खाली ठेवलं. “जोरमा बोल, पोरी. बठ्ठासले ऐकू येऊ दे.”

मी ताटावरून उठले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. ऐकायला हवे होते ते नाना.